घाणीतला जिवाणू आणि यज्ञाचं चक्र



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १६

हे श्लोक आपण म्हणतो आणि पटकन पुढे सरकतो. पाऊस, अन्न, यज्ञ... हे सगळं जुन्या काळातलं वाटतं. भगवंतांचं सांगणं थोडक्यात असं आहे : पावसावर अन्न पिकतं, अन्नावर जीव जगतात, आणि जगणाऱ्याने आपल्या कर्मातून काहीतरी परत द्यायचं असतं. तसं झालं तरच चक्र फिरतं. जो नुसता घेतो, परत काहीच देत नाही, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. आडपडदा नाही!

आज हे श्लोक एका अगदी नव्या प्रश्नाला लावून बघूया. प्रयोगशाळेत जिवाणूची जनुकं बदलून त्याला विषाणूविरुद्ध कामाला लावायचं, हे योग्य आहे का? देवाने घडवलेल्या जिवात माणसाने हात घालावा का? आपल्यात बायोटेक शिकणारे बरेच आहेत. हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, हा अहंकार आहे. दुसरा म्हणतो, बुद्धीपण देवानेच दिली ना? दोघांचंही थोडं थोडं खरं वाटतं, आणि चर्चा तिथेच संपते. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट बघू.

१९५५-५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि तेच पाणी नळाने घरोघरी पोचलं. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर जुन्या साथींमधले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले आणि १९८० मध्ये दाखवून दिलं, की ही 'ए' किंवा 'बी' कावीळ नव्हतीच. मग तो विषाणू कोणता? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेपासून केलेला अर्क स्वतः प्यायला, स्वतः आजारी पडले, आणि आपल्याच विष्ठेत त्यांना विषाणूचे कण दिसले. हे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. आज त्या आजाराला हिपॅटायटिस ई म्हणतात.

बहुतेक लोक यातून बरे होतात. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. आई आणि बाळ, दोघंही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विचार तिच्यासाठी आहे.

आता जिवाणूकडे येऊ. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो. गावात विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला जातो, त्यात ई. कोलाय सापडला की अर्थ एकच : पाण्यात मैला मिसळलाय. म्हणजे हा जिवाणू घाणीची खूणच. शास्त्रज्ञांनी नेमका हाच निवडला. हिपॅटायटिस ई विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं जनुक त्यांनी ई. कोलायमध्ये घातलं. जिवाणू त्या कवचाची प्रथिनं बनवू लागला. ती वेगळी काढून शुद्ध केली, की एकमेकांना जुळून विषाणूसारखे दिसणारे कण तयार होतात. आत मात्र काहीच नसतं, पोकळ! ते टोचले की शरीर शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतं. चीनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर या लसीची चाचणी झाली. तीन डोस पूर्ण झाल्यावर पुढच्या वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी एकालाही हा आजार झाला नाही, न घेतलेल्या गटात १५ जणांना झाला. २०११ मध्ये तिथे लसीला परवानगी मिळाली. २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंटियूच्या विस्थापितांच्या छावणीत साथ चालू असताना ती दिली गेली, गरोदर बायकांनासुद्धा.

मैल्यातून पसरणाऱ्या रोगावरचा उपाय मैल्यातल्याच जिवाणूकडून! घाणीत राहणारा जीवही देवाच्या योजनेबाहेर नसतो, हे आपण कीर्तनात ऐकतो. इथे ते समोर दिसतं.

इथे जिवाणू कारखान्यातल्या टाकीत काम करतो आणि तिथेच संपतो. सिंथेटिक बायोलॉजी त्याच्या पुढे गेली आहे. २००५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी माणसाच्या आतड्यात राहू शकणाऱ्या एका निरुपद्रवी ई. कोलायला असं घडवलं, की तो एचआयव्हीला पेशीत शिरू न देणारा रेणू बाहेर सोडेल. म्हणजे औषधाची गोळी नाही, शरीरात राहणारा जिवंत पहारेकरी. आणि इथे जपून पाऊल टाकायला हवं. जिवंत वस्तू वाढते, पसरते, शेजारच्या जिवाणूंशी जनुकांची देवाणघेवाण करते. विरजण लावणारी आपली आजीही जिवाणूंकडून काम करून घेतच होती, आणि ते दही पंचामृतात देवाला चालतं. पण विरजण लावणं आणि जनुक लिहिणं एकच नव्हे. बाहेर सोडलेलं परत बोलावता येत नाही. आपल्याकडे अशा जिवाणूंसाठी १९८९ पासून नियम आहेत. ते कटकट वाटले, तरी मर्यादेचं भान हीसुद्धा भक्तीच आहे.

तरीही मला वाटतं, हात घालण्यात पाप नाही. पापाची जागा दुसरी आहे. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती यांनी बदललेल्या जिवाणूवर पेटंट देता येतं, असा निकाल दिला. तेव्हापासून जिवंत जिवाणूवरही कायद्याने "हा माझा" म्हणता येतं. आपल्याकडे आहुती देताना मात्र "हे माझं नाही" म्हणायची रीत आहे. संशोधकाने कष्टाचा मोबदला जरूर घ्यावा. पण ज्याच्यासाठी औषध बनलं, त्याच्यापर्यंतच ते पोचलं नाही, तर चक्र तुटलं.

आणि हे चक्र आपल्या किती जवळ तुटतं, बघा. कसारा लोकल पकडा, खर्डीला उतरा. हा शहापूर तालुका. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, आणि आज मुंबईला सगळ्यांत जास्त पाणी भातसा देतं. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हंडा डोक्यावर घेऊन आटत आलेल्या विहिरीकडे जाणाऱ्या बायकांमध्ये एखादी सातव्या महिन्यातली असते. हिपॅटायटिस ई ला जे लागतं, ते सगळं तिथे आहे : उघडी विहीर, पहिल्या पावसात वाहून येणारी घाण, आणि पोटुशी बाई.

मग तिला लस द्यायची की नळ? मला विचाराल तर दोन्ही. पाइपलाइन येईपर्यंत तिचे नऊ महिने थांबणार नाहीत. म्हणून परवडणारी, तपासून सिद्ध झालेली लस तिच्यापर्यंत जायलाच हवी. पण लस एका विषाणूला अडवते. त्याच पाण्यातल्या टायफॉइडला, हगवणीला ती अडवत नाही. लस दिली आणि नळाचं विसरलो, तर आपण तिला घाण पाणी पचवायला शिकवलं, एवढंच होईल. जिवाणूला नवं काम शिकवणारी बुद्धी आपल्याकडे आहे, आणि वीस किलोमीटरवरच्या पाड्याला पाणी पोचवायला बुद्धी कमी पडते, हे कसं? कमी पडते ती परत देण्याची इच्छा.

मित्रांनो, सकाळी पूजेला कलश भरतो ते पाणी बहुधा तिकडूनच आलेलं असतं. भगवंतांनी चोर कोणाला म्हटलं, हे आज जरा स्वतःकडे बघून वाचूया.

आजचा संकल्प : कलशात पाणी भरताना शहापूरचं नाव एकदा मनात घ्यायचं. आणि या महिन्यात गाव-पाड्यांच्या पाण्यासाठी काहीतरी परत द्यायचं. पैसे, सुट्टीचा एक दिवस, किंवा आपल्या शिक्षणाचं कौशल्य. जे ज्याच्याकडे आहे ते.

प्रार्थना : हे विठ्ठला, सूक्ष्म जिवातही तूच आहेस. त्याला घडवणाऱ्या हातांना नम्रता दे, आणि घेणाऱ्या आम्हाला परत द्यायची आठवण दे.

राम कृष्ण हरी! 🙏