तुमच्या जादूगाराला अडवतं कोण?

तुमच्या अद्भुतकथांच्या वह्या तपासून झाल्या आणि एकीवरही मी शेरा लिहिलेला नाही. शेरा लिहायला आधी गोष्ट लागते. तुम्ही मला नकाशे दिलेत, राजघराण्यांच्या वंशावळी दिल्यात, अग्निविद्या, जलविद्या, छायाविद्या यांचे रंगवलेले तक्ते दिलेत. कोणत्या पायरीवरच्या मांत्रिकाकडे किती शक्ती, कोणता मंत्र कोणत्या मंत्राला भारी, सगळं चोख. त्या तक्त्यांमागे गोष्ट म्हणून जी पानं जोडली आहेत, त्यांत मात्र नायकाचं कुठे काही अडतच नाही. अडायची वेळ आलीच तर तो डोळे मिटतो, हातातून निळा प्रकाश निघतो आणि शत्रू संपतो. ही शक्ती आपल्यात आहे हे मागच्या पानापर्यंत त्याला माहीत नव्हतं, वाचकाला माहीत नव्हतं, आणि स्पष्टच सांगते, लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

हा आळस आहे. त्याला कल्पनाशक्तीचं नाव देऊ नका.

‘मॅडम, अद्भुतकथा आहे, तिथे काहीही चालतं’ हे उत्तर मला पुन्हा ऐकवायचं नाही. रोजच्या जगातली गोष्ट लिहिताना लेखकाला आवर घालायला जग असतंच. माणसाला भूक लागते, गाडी चुकते, पैसे संपतात. अद्भुतकथेत तो आवर तुम्हाला स्वतः घडवावा लागतो. ज्याला साध्या गोष्टीतली शिस्त झेपत नाही त्यानं जादूच्या वाटेला जाऊच नये, कारण इथे दुप्पट शिस्त लागते.

कच-देवयानीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ नाटक तिच्यावरच उभं आहे. पण ती कशी रचली आहे याचा तुमच्यापैकी एकानं तरी विचार केला आहे का? संजीवनी विद्या एकट्या शुक्राचार्यांकडे आहे. त्यामुळे युद्धात पडलेले असुर उठतात, पडलेले देव उठत नाहीत. म्हणून देव कचाला शुक्रांकडे शिष्य म्हणून पाठवतात. असुरांना हेतू कळतो, ते कचाला मारून लांडग्यांना घालतात. शुक्र मंत्र म्हणतात, कच लांडग्यांची शरीरं फोडून परत येतो. पुन्हा मारतात, तो पुन्हा येतो. तिसऱ्या खेपेला असुर डोकं चालवतात. त्याला जाळतात, राख मद्यात कालवतात आणि ते मद्य खुद्द गुरूला पाजतात.

इथे थांबा आणि नीट बघा. विद्या तीच, मंत्र तोच, एक अक्षर नवीन आलेलं नाही. तरीही आता कचाला उठवलं तर पोट फाटून गुरू मरणार, आणि नाही उठवलं तर कचावर जीव लावून बसलेली गुरूची मुलगी देवयानी जगणार नाही. एकच वाट उरते: पोटातल्या शिष्यालाच विद्या शिकवायची, त्यानं बाहेर यावं आणि मेलेल्या गुरूला उठवावं. जी विद्या शत्रूच्या हाती लागू नये म्हणून असुरांनी तीनदा खून केला, ती त्यांच्याच युक्तीमुळे शत्रूला मिळाली. आणि गोष्ट तिथेही संपत नाही. मद्यानं घात केला म्हणून शुक्राचार्य ब्राह्मणांना मद्य निषिद्ध ठरवतात. कच देवयानीला नाकारतो तेव्हा ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. एका नियमातून युद्ध, खून, प्रेम, शाप आणि समाजाचा एक निर्बंध, एवढं सगळं निघालं. तुमच्या वहीत सतरा विद्या आहेत आणि त्यांतून एक भांडणसुद्धा निघत नाही.

एका वहीत एक वैद्यीण आहे. ती नुसता हात लावून कोणताही आजार बरा करते. त्याच वहीत पहिल्या प्रकरणात, त्याच गावात, नायकाची आई तापानं मरते. लिहिणाऱ्याला हे खटकलं नाही, कारण आईचं मरण डोळ्यांत पाणी आणायला हवं होतं आणि वैद्यीण पुढच्या लढाईला हवी होती. हा निष्काळजीपणा मी खपवून घेणार नाही.

अर्सुला ल ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी 1968 साली आली. तिच्यातला गेड तरुण आहे, शिकून तयार झालेला जादूगार आहे, एका लहानशा बेटावर नेमणुकीला आहे. त्याच्या होडी बांधणाऱ्या मित्राचा छोटा मुलगा तापानं मरायला टेकतो. विद्येचा पाठ स्पष्ट आहे: आजार बरा करा, पण निघालेल्या जिवाच्या मागे जाऊ नका. गेडला ते ठाऊक असतं. तरी मायेपोटी तो मुलाच्या मागोमाग मृत्यूच्या अंधारात उतरतो. मूल वाचत नाही, आणि गेड स्वतः कसाबसा परत येतो. जादू असलेल्या जगातही मूल दगावू शकतं आणि ते मरण वाचकाला फसवणूक वाटत नाही, ते या आखलेल्या रेषेमुळे. तुम्ही ती रेषा आखलीच नाहीत.

अद्भुतकथाकार सँडरसनचं नाव तुम्ही उठता-बसता घेता. त्यानं 2007 साली मांडलेला पहिला नियम सगळ्यांना पाठ आहे: वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकीच ती लेखकानं संकट सोडवायला वापरावी. त्याचा दुसरा नियम कुणी वाचला? शक्तीपेक्षा तिची मर्यादा मोलाची. तिसरा? नवीन काही आणण्याआधी जे हाताशी आहे ते खोल न्या. हे दोन वाचले असते तर तुमच्या निम्म्या विद्या आपोआप गळाल्या असत्या. त्याच्या ‘मिस्टबॉर्न’ या कादंबरीत गिळलेला धातू पोटात जाळून शक्ती मिळते. पोलाद जाळलं की बाहेरचा धातू ढकलता येतो, पण तो तुमच्यापेक्षा जड असला तर तुम्हीच मागे फेकले जाता. पोटातला साठा संपला की तुम्ही साधी माणसं. तुम्ही एवढंच उचललंत. ही विद्या सरदारांच्या रक्तात आहे, म्हणून स्का या राबणाऱ्या वर्गातल्या स्त्रीला सरदारापासून मूल होऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी अशा स्त्रियांना ठार मारलं जातं, हे मात्र तुम्ही ओलांडून पुढे गेलात. विन ही रस्त्यावर वाढलेली मुलगी. पाण्यातून आणि भांड्यांतून पोटात गेलेल्या धातूच्या कणांवर ती नकळत विद्या वापरते आणि त्याला आपलं नशीब समजते. त्या जगातली गरिबी आणि जादू अशी एकमेकींत विणलेली आहेत. वाचताना तुमचं लक्ष कोण कुणाला हरवेल यावर होतं.

तुमच्यातल्या दोघांनी लिहिलंय की टॉल्किनची जादू कच्ची, कारण त्याच्या जादूगार गँडाल्फच्या शक्तीचे नियम कुठे सांगितलेले नाहीत. हे वाचून मला राग आला. जी अंगठी नष्ट करण्यावर सगळी कथा उभी आहे, ती गँडाल्फच्या शक्तीनं नष्ट होते का? कथेचा नायक फ्रोडो ती पायी वाहून नेतो, आणि शेवटच्या क्षणी त्याच्याकडूनही ती टाकवत नाही. अंगठी घातली की माणूस दिसेनासा होतो, पण ज्यांच्यापासून लपायचं त्या काळ्या स्वारांना तो अधिकच स्पष्ट दिसतो. अंगठी वापरणाऱ्याचं मन ती पोखरत जाते. कथा जिच्यावर तोलली आहे त्या जादूची अट पूर्ण सांगितलेली आहे. बाकीची धूसर ठेवली, कारण गूढाचीही वाचकाला गरज असते. कुठे उजेड टाकायचा आणि कुठे नाही हे ओळखणं ही कारागिरी आहे, ती टॉल्किनकडून शिका.

रोलिंगच्या हॅरी पॉटर मालिकेतल्या 1999 सालच्या तिसऱ्या पुस्तकात वेळ मागे नेणारं यंत्र आहे. त्या पुस्तकात ते फार नेटकं वापरलं आहे. पण असं साधन एकदा जगात आलं की पुढच्या प्रत्येक मरणापाशी वाचक विचारणार, आता ते का वापरत नाहीत? 2003 सालच्या पाचव्या पुस्तकात जादूच्या मंत्रालयातला त्या यंत्रांचा साठा फुटतो. एवढ्या ताकदीच्या लेखिकेलाही हा प्रश्न मिटवावा लागला. तुम्ही तर दर प्रकरणात असं एक यंत्र सोडून देता.

वाचायची सवय आधी बदला. पुस्तकात नियम सांगितला की तिथेच पुस्तक मिटा आणि हा नियम कुणाच्या गळ्याशी येणार याचा विचार करा, मगच पान उलटा. जादूची गोष्ट वाचण्याचं खरं सुख तिथे आहे, आणि ते तुम्ही आजवर घाईत गमावत आलात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तुमच्यात बुद्धी कमी नाही. मेहनतही कमी नाही, ते तक्ते एका रात्रीत झालेले नाहीत.

पुढच्या तासाला नवीन पानं आणायची. एक विद्या, तिची एक अट, आणि त्या अटीपायी जिवाला लागेल असं काहीतरी गमावणारा एक माणूस. नकाशा नको, वंशावळ नको. तक्ता जोडलेला दिसला तर मी वही उघडणार नाही.