उत्तर ठाऊक असलेला प्रश्न

काटोलच्या बागांतली संत्री नागपूरच्या कळमना बाजारात आणणारी एक पेट्रोल व्हॅन होती. मृग बहाराचा माल ऐन भरात आला आणि गाडी त्रास देऊ लागली. उभ्या जागी इंजिन थरथरे, भार पडला की मिसिंग करी, मागून काळा धूर निघे. एव्हरेज १५ वरून १० वर आलं.

मुनीम शेठजींच्या कानाला लागला, "ड्रायव्हर पेट्रोल विकून रायला, शेठजी."

शेठजींनी ड्रायव्हरचा पगार कापला. पुढच्या महिन्यात एव्हरेज आणखी घसरलं, तेव्हा आणखी कापला. शेवटी ड्रायव्हरनं गाडी काटोल नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. खर्चावर नजर ठेवायला शेठजीही सोबत आले.

मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरानं स्कॅनर लावला. "वस्ताद, लीन दाखवते. पेट्रोल कमी पडून रायलं. पंप बदलू का?"

"थांब बे. पहिले प्लग काढ."

प्लग काजळीनं काळेकुट्ट झाले होते. पोरगा चक्रावला. स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी, आणि प्लग तर पेट्रोल जास्त झाल्याचं दाखवतात!

मिस्त्री म्हणाला, "एक किलो पेट्रोल नीट जळाले १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळाल्यावर किती ऑक्सिजन उरला ते सांगते, अन् ईसीयू, म्हंजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याच्यावरून पेट्रोल कमीजास्त करते. सेन्सर 'कमी, कमी' म्हणत रायला, तर ईसीयू ओततच राहीन."

"मंग सेन्सर खराब. बदलून टाकू!"

"असा आळ घ्याचा नाई. नळीले भोक असन, तर बाहेरची हवा आत जाऊनही तो 'कमी'च म्हनन."

मिस्त्रीनं नळीचे जोड पाहिले, वायर तपासली. दोन्ही ठीक होतं. मग त्यानं गरम इंजिनावर सेन्सरच्या वायरीला मीटर लावला. काटा ०.१ व्होल्टवर. "आता मी हवेच्या पाइपात कार्ब क्लीनर मारतो. मिश्रण रिच होईन, म्हंजे हवेपेक्षा इंधन जास्त पडन, हे मले ठाऊक आहे. सेन्सर चांगला असन, तर ०.९ च्या आसपास उडी मारन."

फवारा बसला. इंजिन गुदमरलं. काटा ०.१ वरच राहिला.

"आता बदल."

नवा सेन्सर बसला, ईसीयूतली जुनी दुरुस्ती पुसली, आणि इंजिन शांत फिरू लागलं. मीटरचा काटा खालीवर नाचत होता.

शेठजींनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस कॉम्प्युटरच चुकत होता?"

"नाई जी. त्याले जे सांगितलं, त्याच्यावर त्यानं बरोबर हिशेब केला. त्याले सांगणारा एकच होता. अन् कॉम्प्युटरले प्लग काढून पाहता येत नाई, मानसाले येते."

शेठजींनी ड्रायव्हरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी कळमन्यात, मुनीमासमोर, कापलेले सगळे पैसे त्यांनी ड्रायव्हरच्या हातात मोजून दिले.

काही दिवसांनी मुनीम नवी तक्रार घेऊन आला. एक हमाल म्हणे पेट्या फोडून संत्री लांबवतो. काल डोळ्यांनी पाहिलं.

"काल तो कोणत्या गाडीवर होता?" शेठजींनी सहज विचारलं.

"सकाळच्या, शेठजी."

त्या हमालाची आई आजारी होती. आदल्या दिवशी पहाटेच शेठजींनी त्याला स्वतः गावी पाठवलं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पेट्रोलची वही आणा. अन् वर्षभराच्या बाकीच्या वह्याही."

तात्पर्य: कुणाबद्दल कानावर आलं, तर शिक्षा देण्याआधी सांगणाऱ्यालाच पारखावं. त्याला असा एक प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे.