दुभाष्याची साक्ष

अठ्ठावीस वर्षं मी कोर्टात दुभाष्याचं काम केलं. वारली साक्षीदार बोलायचा, मी ते मराठीत आणि गरज पडेल तेव्हा इंग्रजीत सांगायचो. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की मीही ‘मी’ म्हणायचं, हा आमचा नियम. दिवसभर तोंडात दुसऱ्याचा ‘मी’. स्वतःचं मत, स्वतःची हळहळ सगळं बाहेर ठेवायचं. दुभाषी साक्षीदार नसतो.

म्हणूनच आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया माझ्या मनातून हलत नाहीत. तेही दुभाषीच होते.

साधारण 1556-57 च्या सुमारास ते वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांजवळ शिकले, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षं राबले. जपानी भाषा त्यांच्या जिभेवर बसली. संघात प्रवेश मिळावा एवढीच इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग मकाव, व्यापार, हाती आलेला पैसा. पुढे मनिलात सगळं सोडून ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत.

1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील, म्हणजे राजदूत, म्हणून जपानला धाडलं. फादरांना जपानी येत नव्हती. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर त्यांचे शब्द गोन्सालोंच्या तोंडून गेले आणि हिदेयोशीचे शब्द त्यांच्याच तोंडून परत आले. हिदेयोशीने 1587 मध्येच परदेशी मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तरी या मंडळींना त्याने मियाकोत, म्हणजे आजच्या क्योतोत, जागा दिली. त्यांनी तिथं चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू केली, उघडपणे प्रवचनं केली.

राहायला दिलेल्या परवानगीत उपदेशाची परवानगी आली का? फ्रान्सिस्कनांना वाटलं, आली. येशूसंघीय वर्षानुवर्षं सावधपणे, आडोशानं काम करत होते. त्यांना हा उघडेपणा घातक वाटला. इथं मी थबकतो, कारण एका शब्दाच्या दोन अर्थांत माणूस कसा अडकतो ते मी पाहिलंय. एका वारली बाईनं साक्षीत सांगितलं, तिचा पोरगा ‘गेला’. इंग्रजी नोंदीसाठी मला एकच अर्थ निवडायचा होता. मी ‘निघून गेला’ असं सांगितलं. वकिलांनी लगेच विचारलं, कुठं गेला? तो प्रश्न तिच्या भाषेत तिला मलाच विचारावा लागला. तिनं वकिलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत शिकोकूच्या किनाऱ्याला लागून फुटलं. मालाच्या जप्तीवरून तंटा झाला, हिदेयोशीचा संशय भडकला आणि डिसेंबरात धरपकड झाली. गोन्सालोंसह चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांना गाड्यांतून शहरभर फिरवलं. मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराचा प्रवास. वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घालण्यात आलं. सव्वीस जणांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगाही होता.

शिक्षेचा मजकूर फलकावर लिहिला होता: हे लोक लुझोनहून, म्हणजे मनिलाच्या बेटावरून, वकील म्हणून आले आणि मी मना केलेला धर्म इथं राहून शिकवत बसले. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला कबूल करावं लागतं, शिक्षा क्रूर होती, पण आरोपातली घटना खोटी नव्हती. दुसऱ्याचा निरोप घेऊन आलेली माणसं स्वतःचं बोलू लागली होती. दुभाष्यानं असं केलं तर त्याची शपथ मोडते, हे मी मानत आलो. मग ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला दोषी धरलं असतं, तिच्यासाठी गोन्सालोंना संत कसं म्हणतो?

उत्तर मला आमच्याच शब्दात सापडतं. मराठीत त्यांना हुतात्मा म्हणता येतं, पण चर्चमध्ये आम्ही म्हणतो रक्तसाक्षी. युरोपातल्या भाषांनी उचललेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच आहे, अगदी कोर्टातला साक्षीदार. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाकाच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. माणसांना दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी जखडलं होतं, मग भाले चालले. येशूसंघाचे पॉल मिकी क्रूसावरून लोकांशी बोलले, त्यांच्याच जपानीत. दुभाष्याची गरज कुणालाच नव्हती. गोन्सालोंच्या तोंडात त्या घटकेला कुणाचाही उसना ‘मी’ नव्हता. संघानं ज्याला आत घेतलं नाही, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, त्याची साक्ष पहिल्यांदा त्याची स्वतःची झाली, असं मी मानतो. पोप नववे पायस यांनी 1862 मध्ये त्यांना संतपद दिलं.

त्या वारली बाईला मी तेव्हाच, न्यायाधीशांची परवानगी घेऊन, ‘गेला म्हणजे काय’ एवढं विचारू शकलो असतो. मी विचारलं नाही. पोराचं नाव नोंदीत आहे आणि माझ्या लक्षात आहे. दर फेब्रुवारीत गासच्या संत गोन्सालो गार्सिया चर्चमध्ये त्याच्या नावानं मिस्सा ठेवतो. नाव मी स्वतः उच्चारून सांगतो, चिठ्ठीवर लिहून देत नाही.