गंधार कुणाचा?

रेवसच्या भजनी मंडळाची पेटी खाऱ्या हवेनं बिघडली आहे. पितळी सूर हिरवे पडलेत. लाँचनं भाऊच्या धक्क्याला आणि तिथून दादरला ती दुरुस्तीला जायची आहे. सूर कसे जुळवून आणायचे, यावरून पेटीवाले काका आणि मुंबईत गाणं शिकणारी त्यांची पुतणी यांच्यात वाद चालला आहे.

पुतणी : काका, सूर घासायचेच आहेत, तर काळी एकला शुद्ध बांधून आणते. गुरुवारी बुवांचीच पट्टी असते.

काका : आत्ता अशुद्ध काय आहे?

पुतणी : गंधार. सा २४० कंपनांचा धरा. शुद्ध गंधार ३०० वर येतो, पेटीचा ३०२.४ वर. सा आणि तो गंधार एकत्र दाबला की सेकंदाला नऊ-साडेनऊ हेलकावे उठतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार शुद्ध असतो. पेटी त्याच्याशी भांडते.

काका : आणि पंचम?

पुतणी : तो जवळपास खरा आहे. सेकंदाला एक हेलकावाही पुरा होत नाही.

काका : बायकांचं मंडळ हीच पेटी घेतं. त्यांची पट्टी काळी पाच. तिथला गंधार म्हणजे बुवांचा कोमल रिषभ. तो बुवांच्या मापानं बांधलास, तर वहिनींना काय मिळेल?

पुतणी : साच्या १.२५ पट हवा, तिथे १.२८ पट मिळेल. आत्ता १.२६ मिळतो.

काका : म्हणजे बुवांचं थोडं खोटं काढून तुझ्या आईच्या गळ्यात मोठं खोटं घालायचं.

पुतणी : स्केलचेंजर घेतला तर?

काका : त्यात वरच्या पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत. सगळे सूर सारख्या अंतरावर असले तरच त्याचा उपयोग.

हा वाद महाराष्ट्राला जुना आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटी घडवण्याचा ध्यास घेतला. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवरच बंदी घातली, ती तीन दशकं टिकली. देवलांचा ध्यास मला फार मोलाचा वाटतो, बंदी मात्र अन्यायाची. भास्करबुवा बखल्यांना गोविंदराव टेंब्यांनी याच वाद्यावर साथ केली होती. उणीव दिसली म्हणून देवल पेटी दुरुस्त करायला बसले, रेडिओनं तिला बाहेर काढलं.

पुतणी : पण सगळ्यांना थोडं थोडं खोटं वाटून दिलं म्हणजे ते खरं होतं का? आपली पोरं लहानपणापासून पेटीवरून सूर धरतात. खरा गंधार त्यांच्या कानावर पडतच नाही. हे नुकसान कुणाच्या हिशेबात धरायचं?

काका : माझ्या. टाळ-पखवाजात हेलकावा बुडतो, म्हणून मी तो कधी मनावर घेतला नाही. पण पोरांचा कान उद्या सुधारता येईल. आईची पट्टी मोडलीस तर ती आजपासून गायचीच बंद होईल.

पुतणी : म्हणजे सूर खरा असण्यापेक्षा सगळ्यांना गाता येणं मोठं?

काका : पेटीपुरतं, हो. गळ्याला ती सूट नाही. बुवा आलाप घेतील तेव्हा मी गंधारावरून बोट उचलीन, नुसते सा आणि पंचम धरीन. पंचम खरा आहे म्हणालीस ना?

पुतणी : मग पोरांनी गंधार घ्यायचा कुठून?

काका : बुवांकडून. आणि मागे तंबोरा असला तर तंबोऱ्यातून.

पुतणी : मंडळाकडे तंबोरा कुठाय?

काका : तुझ्याकडे आहे की.

पुतणी : दर गुरुवारी तो लाँचमधून आणू? एका पावसाळ्यात त्याची जवारी जाईल.

काका : मग इथंच राहू दे, घरात. मी सांभाळीन.

पुतणी : आणि मी रियाज कशावर करू, काका?