मुक्ती : देणगी की मोबदला?

गेल्या पावसाळ्यात एका परिचित गृहस्थांच्या जनाज्यासाठी पेणहून रोह्याला जाणे झाले. दफन आटोपून परतताना सोबतच्या दोघांत वाद जुंपला. मरहूम नमाजच्या बाबतीत शिथिल होते. अडल्यानडल्याला मात्र हात देत. एकाचे म्हणणे, अल्लाहच्या रहमतीला सीमा नाही, त्यांची मगफिरत होईल. दुसऱ्याने विचारले, "मग आम्ही पहाटेची झोप कशासाठी मोडतो?"

प्रश्न उद्धट वाटला तरी प्रामाणिक होता. याच प्रश्नावर ख्रिस्ती जग शतकानुशतके दुभंगलेले आहे. मनुष्य स्वप्रयत्नाने सन्मार्गावर राहू शकतो, असे पेलेजियसचे मत. ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि सारे श्रेय ईश्वरी कृपेला दिले. पुढे मार्टिन ल्यूथर यांनी मुक्ती केवळ श्रद्धेने लाभते असे प्रतिपादले; ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५-६३) ते अमान्य केले. या विषयावरील संयुक्त निवेदनावर कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींच्या स्वाक्षऱ्या व्हायला १९९९ साल उजाडावे लागले.

आपल्या महाराष्ट्रात हा वाद एका विदुषीच्या अंतःकरणात घडला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरीही मन शांत नव्हते. पंथोपपंथांच्या परस्परविरोधी शिकवणीने त्या गोंधळून गेल्या होत्या. १९०७ मधील आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनंतर सापडला. मुक्ती कमवायची नसते, ती विनामूल्य स्वीकारायची असते, हे तेव्हा त्यांना उमगले. मग त्या स्वस्थ बसल्या काय? दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले, वाढवले आणि अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरासाठी राबल्या. देणगी माणसाला आळशी बनवते, हा आक्षेप निदान त्यांच्या बाबतीत टिकत नाही.

दुसऱ्याची श्रद्धा न्यायाने समजून घेण्यात आपला ईमान उणा होत नाही. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी तर कुरआन व ख्रिस्तधर्म या दोहोंचे सार संकलित केले. मात्र समजून घेतल्यावर मतभेदही स्पष्ट सांगितला पाहिजे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ही देणगी घेणाऱ्याला फुकट असली, तरी तिची किंमत दुसऱ्याने वधस्तंभावर मोजलेली आहे. कुरआनच्या शिकवणीत कोणीही कोणाचे ओझे वाहत नाही (६:१६४). आदम (अलै.) यांची तौबा अल्लाहने थेट स्वीकारली (२:३७), मध्ये कोणाचे बलिदान आले नाही. क्षमेसाठी कोणी किंमत चुकवावी लागत नसेल, तर ती अधिकच निखळ देणगी ठरते, असे मला वाटते.

मग पहाटेच्या झोपेचे काय? मनुष्याला त्याच्या प्रयत्नाचेच फळ मिळते, असे कुरआन सांगतो (५३:३९). दुसरीकडे बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत हदीस आहे की, केवळ कर्मांच्या बळावर कोणीही जन्नतमध्ये जाणार नाही, सहाबांनी विचारल्यावर प्रेषितांनी (सल्ल.) स्वतःलाही त्यातून वगळले नाही. अल्लाहच्या रहमतीनेच ते शक्य आहे. म्हणजे नमाज ही जन्नतची खरेदी नव्हे. देणाऱ्याच्या दारी उभे राहणे आहे ते. ज्याला देणगी हवी आहे, तो दाराकडे पाठ करून कसा बसेल?

परंतु एक हिशेब या देणगीतही आपोआप मिटत नाही : बंद्यांचे हक्क. शहीदाचे सारे गुन्हे माफ होतात, कर्ज वगळून, असे हदीसमध्ये आले आहे. नमाज, रोजे, जकात घेऊन येणारा, पण कोणाला शिवी दिलेली, कोणाचे धन गिळलेले असा मनुष्य कियामतच्या दिवशी दिवाळखोर ठरेल. (इंजीलमधला जक्कय नावाचा जकातदारही, लुबाडलेले चौपट परत करीन म्हणतो, ते याच जाणिवेने असावे.) रमाबाईंच्या पंथीयांतील वादात या हिशेबाची चर्चा मला फारशी आढळली नाही. आपल्या दोघा वादकांनाही तो सुचला नाही.

खरे तर त्याची आठवण जनाज्याच्या नमाजपूर्वीच झाली होती. मरहूमांच्या मुलाने सफीपुढे येऊन, वडिलांकडे कोणाचे येणे असल्यास सांगावे, अशी विनंती केली. क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या सफीतून एका सुताराने संकोचत अकराशे रुपये सांगितले. मुलाने खिशातून वही काढली आणि आकडा लिहून घेतला.