तळ्यावरचा बोजा

भंडारदऱ्याला मजा करायला जाणं चूक आहे का? मी अकोले तालुक्यातली (विदर्भातलं अकोला नव्हे), त्यामुळे मित्रमंडळी हा प्रश्न मला विचारतात. तंबू बुक केलेला असतो आणि मग कुणीतरी सांगतं, की या पाण्याखाली लोकांची भातखाचरं होती.

प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. धरणाला गव्हर्नर विल्सनचं नाव मिळालं, तळ्याला आर्थरचं. सुमारे ११ टीएमसी पाणी साठलं, कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे गेलं. त्यावर ऊस उभा राहिला आणि १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. पुढे या पाण्यावर वीजही तयार होऊ लागली. पाणी उताराने जातं. महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या मात्र वर, डोंगरात. उन्हाळ्यात तिथल्या बायका हंडे घेऊन चढतात, खाली तळं चमकत असतं.

अंब्रेला फॉल तर सगळ्यांनी रीलमध्ये पाहिलाय. धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. म्हणजे पावसाळा सोडला तर आपण ज्याच्यासमोर सेल्फी काढतो, ते बहुतेकदा कुणाच्यातरी उसाचं आवर्तन असतं. मला हे फार गमतीचं वाटतं, आणि थोडं अस्वस्थही करतं.

‘शंभर वर्षं झाली, आता काय त्याचं!’ हे उत्तर मला पटत नाही. ‘मग जाऊच नका’ हेही नाही. तंबू रिकामे राहिले तर मार पांजरे-मुरशेतच्या पोरांनाच बसेल. दोन्ही उत्तरांत गुन्हा आणि देणं यांची गल्लत होते. गुन्हा करणाऱ्याबरोबर संपतो. देण्याचं तसं नसतं. जमीन विकत घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतो ना? कर्ज आपण काढलेलं नसतं, तरी ते जमिनीबरोबर येतं. पाण्याचा फायदा ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे हा बोजाही जातो: बागायतदाराकडे, विजेकडे, आणि थोडासा आपल्या वीकेंडकडे.

यावर एक रास्त आक्षेप आहे: त्यांना मोबदला मिळालाच असेल की. समजा मिळाला. पण मोबदला मोजतात जमिनीचा. त्या जमिनीवर साठलेल्या पाण्यातून शंभर वर्षं जे पिकलं, त्यात मूळ मालकाचा वाटा कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. आणि काजव्यांच्या दिवसांत त्याच्या पणतूला गाइडचं काम मिळतं, ही परतफेड नव्हे. ती त्याने केलेल्या कामाची मजुरी आहे.

मग परतफेड कशी दिसेल? माझ्या मते पहिला हप्ता अगदी साधा आहे: एक पंप, काठापासून वाडीपर्यंत पाइप, आणि त्या पंपाचं वीजबिल खालच्या पाणीपट्टीतून.