आईच्या खोलीतला दिवा

आईला कमी ऐकू यायला लागून दोन वर्षं झाली. दारावरची बेल तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. गेल्या श्रावणात तिच्या भजनी मंडळातल्या एक बाई बराच वेळ दारात उभ्या राहून परत गेल्या. कळल्यावर आई संध्याकाळभर गप्प होती. मी ठरवलं, हे काम आपलं. बटण दाबलं की तिच्या खोलीत दिवा लागला पाहिजे.

बाल्कनीच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. तपकीर गल्लीतून आणलेले सुटे भाग लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवलेले. २३० व्होल्टच्या वायरिंगला हात लावायचा नव्हता, म्हणून दाराशी वेगळं बटण, १२ व्होल्टचा अडॅप्टर, एलईडी पट्टीचा छोटा तुकडा आणि ५५५ टायमर. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली आखलेली ही आठ पायांची चिप आजही हौशी माणसाच्या बरणीत हमखास सापडते. दिवा किती वेळ लागेल हे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर ठरवतात. दोघांचा गुणाकार, त्याच्या १.१ पट. १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले की ११ सेकंद.

हिशोब चोख होता. दिवा मात्र कधी लागायचा, कधी नाही.

तीन आठवडे मी ऑफिसातून आलो की थेट बाल्कनीत. चिप बदलली, अडॅप्टर बदलला. बायकोला जेवायला तीनतीनदा हाक मारावी लागे. मुलगी गणित विचारायला आली की मी म्हणायचो, "थांब गं, आजीचं काम चाललंय." आणि ज्या आजीचं काम चाललं होतं तिच्याजवळ त्या तीन आठवड्यांत मी पाच मिनिटं टेकलो नव्हतो.

शेवटी एका रविवारी सगळं उचलून आईच्या खोलीत आलो, कारण तिथे उजेड चांगला. जमिनीवर पसारा मांडला. आई खिडकीशी वाती वळत होती. मुलगी मागोमाग आली, कुणी न सांगता पेन्सिल घेऊन बसली. मी बटण दाबून धरलं आणि ती एकेक सांधा पेन्सिलीने हलकेच दाबत गेली. २ नंबरच्या पिनेकडे जाणाऱ्या वायरीला टोक लागलं आणि दिवा लागला. वरून मण्यासारखा दिसणारा सांधा आतून मोकळाच होता.

मी लगेच आयर्न घेतलं, टोकावर सोल्डर वितळवलं आणि वायरीवर टेकवायला गेलो.

"अरे, तू नुसतं कथील तापवतोयस," आई चष्म्यावरून बघत म्हणाली. "वाड्यात कल्हईवाला यायचा, आठवतो का? आधी भांडं भट्टीवर चांगलं तापवायचा, मग नवसागर, मग कथील. गार भांड्याला कथील धरत नाही रे."

वीस वर्षं मी हे काम करतोय. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाईत सुटलं होतं, आणि ते माझ्या आईला दिसलं.

आयर्न मुलीच्या हातात दिलं. टोक वायरीला आणि तांब्याला, दोघांना एकदम लागेल असं धरायला सांगितलं. "एक, दोन," आजीने मोजलं. मग सोल्डरची तार सांध्याला लावली. ती पाण्यासारखी पसरली आणि वायरीभोवती चढली. गार होईपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून मुलीला आधी साबणाने हात धुवायला पाठवलं. जाताना तिने विचारलं, "बाबा, दिवा कुठे लावणार?"

"दाराच्या वर. तिथे खिळा आहे."

"पण आजी तर दाराकडे पाठ करून बसते!"

मी आईकडे पाहिलं. ती हसली. "उजेड खिडकीकडून येतो ना. आणि वाती वळताना मान खालीच असते माझी. अकरा सेकंदांत वर बघीनच असं नाही बाबा."

त्याच दुपारी वायर वाढवून दिवा खिडकीच्या चौकटीवर, वातींच्या परडीच्या वरच लावला. १०० चा कपॅसिटर काढून २२० मायक्रोफॅरडचा घातला, मुलीनेच. आता दिवा २४ सेकंद लागतो.